निम्मा पळसमाळ

आबा,

बारामतीच्या दवाखान्यात तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत. आवाज पार बसला होता, माई पायाशी बसून तळवे चोळत होत्या, आणि तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "फुटलं का?"

मी म्हटलं, "अजून नाही जी."

तुम्ही "बघ" म्हणालात आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मला निघायला उशीर झाला. मी एसटी स्टँडवर उतरले आणि तुमच्या बाळूदादांचा फोन आला. आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच. मी "अजून नाही" म्हटलं आणि तुम्ही ते घेऊन गेलात.

तेरा दिवस मी तिथंच अडून बसलेय. खोटं बोलले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? फुटलंय जी, बोटभर आलंय, तांबूस आहे, मखमलीसारखं लागतं हाताला. एवढं म्हणायला काय लागत होतं? माईंनीही मान हलवली असती. पण जीभ उचलली नाही. कारण एक खोटं मी तुमच्याशी आधीच दोन वर्षं चालवलं होतं. बोलून नव्हे, गप्प बसून. त्याच्यावर आणखी एक चढवायची हिंमत झाली नाही. आज ते पहिलं सांगते. उशीर झालाय हे मला कळतंय.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी तुमच्या पळसाखाली बसले होते. यांना बारामती एमआयडीसीत पॅकिंगचं काम लागलं, म्हणून आम्ही गडचिरोलीहून इतक्या लांब आलेलो. हे मोटारसायकलवर कामाला जायचे आणि मी गावातल्या बायकांबरोबर बाळूदादांच्या डाळिंबात खुरपायला. दुपारच्या सुट्टीत बायका बांधावरच्या लिंबाखाली बसत. त्यांचं बोलणं मला भरभर कळायचं नाही, आणि माझ्या "जी जी"ला त्या हसायच्या. म्हणून मी एकटी वर माळावर गेले. कालवण होतं, वाटी नव्हती. पळसाची दोन पानं घेतली, काडी टोचली, द्रोण केला.

मागून आवाज आला, "आमच्या बायका चार पानं घेत्यात. तू दोनात कसा गं बशिवला?"

मी घाबरून उभी राहिले. कालवण सांडलं. "चुकलं जी."

"द्रोण चुकला का पान तोडलं ते चुकलं?" तुम्ही खाली बसलात. "कुठली तू?"

"गडचिरोलीची."

"बाबौ! येवढ्या लांबनं द्रोण लावायला आली व्हय?"

त्या दिवसापासून तुम्ही मला गडचिरोलीच म्हणत होतात. "ए गडचिरोली, च्या घे." "गडचिरोलीला इचारा, तिला ठावं." माझं नाव तुम्हाला माहीत होतं, पण ते तुम्ही फक्त मी आजारी असले तरच वापरत होतात. मला आधी वाईट वाटायचं. मग कळलं की इथं मला माझ्या मुलखाचं नाव घेऊन हाक मारणारं दुसरं कुणी नाही. बाकी सगळ्यांना मी "ती लांबची" होते.

तुमचा तो माळ. खाली सगळा ऊस, डाळिंब, पेरू, कॅनॉलचं पाणी. आणि मध्ये मुरमाची ती उंच पट्टी, तिथं तुमच्या वडिलांच्या वेळचे पळस. याच तालुक्यात एका गावाच्या नावातच पळस आहे, असं तुम्ही मला अभिमानानं सांगायचात, आणि लगेच म्हणायचात, "नावातच राहिलाय आता." नरसिंहपूरला देवाच्या उत्सवात जेवणावळी उठायच्या तेव्हा पत्रावळी तुमच्या घरून बैलगाडीनं जात. माई नवी नवरी म्हणून आल्या, तेव्हा पहिलं काम त्यांना पानं टाचायचंच मिळालं होतं. आता कागदी ताटं आली. तरी तुम्ही दर उन्हाळ्यात पानं उतरवत होतात, आणि कुणी मागायला आलं नाही तर आम्हा खुरपणाऱ्या बायकांना त्याच पत्रावळींवर जेवायला घालत होतात.

पण झाडं सगळी एका वयाची, म्हातारी. खोडं पोकळ. दर वाऱ्यात एखादं आडवं व्हायचं. खाली एकही पोर नव्हतं झाडाचं. तुम्ही नर्सरीतून रोपं आणून लावलीत ती वाळली. बिया टाकल्यात, त्या किड्यांनी खाल्ल्या. एकदा तुम्ही पडलेल्या झाडावर बसून म्हणालात, "माझ्यासंगं जाणार ही समदी."

तेव्हा मी तोंड उघडलं. तुमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती, पण कामाबद्दल मी पहिल्यांदाच काही बोलत होते. "तोडून टाका जी."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं उद्यापासून काम गेलं.

"जमिनीला लागून तोडा. मोठं झाड उभं असते तोवर मूळ गप्प बसून राहते. वरचं गेलं की त्याला कळते, आता आपल्यालाच उठावं लागते. मग लांबलांबपर्यंत फुटवे काढते."

"कुनी शिकिवलं तुला?"

"कुणीच नाही. तेंदूचं आम्ही तसंच करतो."

मग तुम्ही सगळं सांगायला लावलंत. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे तेंदूची झुडपं जमिनीलगत छाटतात, त्याला खुटकटाई म्हणतात. मग महिना-दीड महिन्यानं मुळातून कोवळे फुटवे येतात आणि त्यांचंच पान विडीला चालतं. सातवीची परीक्षा आणि खुटकटाई एकाच महिन्यात आली. आईचा हात मोडलेला होता. मी विळा घेऊन गेले आणि शाळेत परत गेलेच नाही. हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही हसला नाहीत, हळहळलाही नाहीत. तुम्ही म्हणालात, "मंग तुझी परीक्षा हितं घेऊ."

पटलं मात्र नाही तुम्हाला. किती भांडलो आपण त्यावरून! तुम्ही म्हणायचात, "जितं झाड तोडून झाड वाढवायचं? असलं उफराटं ग्यान." मी म्हणायची, "तुमच्या उसाचा खोडवा कसा ठेवता जी? ऊस जमिनीलगत तोडता तेव्हाच खालून जोरात फुटतो ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "ऊस ऊस हाय. पळस पळस हाय." तिसऱ्या दिवशी, "खोडव्याचं तुझं बरुबर हाय, पन पळसाला कुनी इचारलंय का?"

शेवटी कोपरा द्यायचं ठरलं. वरच्या बांधाजवळची अकरा झाडं. आदल्या संध्याकाळी तुम्ही हळदकुंकू आणि अक्षता घेऊन गेलात. प्रत्येक खोडाला हात लावून "उद्या येतो बरं का" म्हणालात, पाहुण्याला सांगावं तसं. मी मागं ताट धरून चालत होते. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडं तेंदूला न्हाईत सांगत?" मी म्हटलं, "झुडपं लाखभर असतात जी, कुणाकुणाला सांगणार?" तुम्हाला ते अजिबात आवडलं नव्हतं.

सकाळी कुऱ्हाड तुम्ही स्वतः घेतलीत, आणि सगळी झाडं गुडघ्याएवढी राखून तोडलीत. मी ओरडत होते, "खाली घ्या जी, खाली!" तुम्ही म्हणालात, "पार मानंवर घाव घातल्यावानी वाटतंय. राहू दे जरा." मी रुसून कुंपणाच्या कामाला लागले.

आणि तिथं मी चूक केली.

इथं सगळे वेड्या बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करतात, म्हणून मीही कॅनॉलच्या कडेनं ती तोडून आणली. शेंगांनी लगडलेली होती. आमच्याकडे ती बाभूळ नाही. तिच्या शेंगा गोड असतात आणि शेळ्या त्यांच्यासाठी काट्यात तोंड घालतात, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी शेळ्यांना अडवायला म्हणून त्यांच्यापुढं खाऊच रचून ठेवला.

फुटवे आले होते आबा. तुमच्या गुडघ्याएवढ्या खुंटांवरही आले, आणि लांब मुरमातही आले, मुळातून. मी बोटांवर मोजले होते, बोटं पुरली नाहीत. तुम्ही त्या दिवसांत माईंना घेऊन लेकीकडे गेला होतात. एका दुपारी पाहते तर शेळ्या फांद्या ओढून ओढून शेंगा खाताहेत, आणि वाट मोकळी झाली तशा आत शिरून शेंडे कुरतडताहेत. मी दगड मारून हाकलल्या. तिथल्यातिथं त्याच फांद्यांनी भगदाड बुजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुम्ही आलात तेव्हा कोपरा साफ होता. पुढं शेळ्यांच्या लेंड्यांतलं बी रुजून दिवाळीपर्यंत तिथं पळसाऐवजी वेड्या बाभळीचं रान माजलं.

तुम्ही एका खुंटावर हात ठेवलात. म्हणालात, "मी गुडघ्यावर तोडलं, म्हनून. पोरगी वरडत व्हती, खाली घ्या, खाली घ्या. म्यां ऐकलं न्हाय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बाळूदादा शेजारी उभे होते. यांचं काम दर वर्षी नव्यानं ठरतं, खोली आम्हाला तुमच्या शब्दावर मिळालेली, आणि "ती लांबची" म्हणणाऱ्यांच्या तोंडाला आणखी एक गोष्ट मिळाली असती. मी पदराला हात पुसत राहिले. तुम्ही गावभर सांगत फिरलात, "आमच्या गडचिरोलीचं ऐकलं असतं तर!" चहाच्या टपरीवर लोक हसले तुम्हाला, म्हाताऱ्याला झाड तोडायला येत नाही म्हणून. तुम्हीही हसलात. मी घरी येऊन जेवले नाही. यांना कारण सांगितलं नाही.

मग ती बारामतीच्या शेती कॉलेजातली चष्मेवाली मुलगी आली, गावागावातली जुनी झाडं लिहून न्यायला. तिनं मोबाइलवर परदेशातलं जंगल दाखवलं. पांढऱ्या खोडांची उंच झाडं, पानं पिवळीधमक. अ‍ॅस्पन म्हणाली ती. म्हणाली, "आबा, हा डोंगरभर जो दिसतोय ना, यात कितीतरी झाडं एकाच मुळाची आहेत. एकच झाड म्हणा. ती म्हातारी झाली, खाली नवीन येईनात. मग तिथले जंगलवाले काय करतात, जुना पट्टाच्या पट्टा तोडतात. मुळं जागी होतात."

तुम्ही मोबाइल नाकाजवळ धरलात. "तितं शेळ्या न्हाईत का?"

"मोठी हरणं आहेत. तीही कोवळे शेंडेच खातात."

"मंग?"

"कुंपण घालतात. फुटवे त्यांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत."

"हां!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजी सायबाचं बी कुंपनापाशीच अडतंय! अगं पोरी, ही आमची गडचिरोली हेच सांगतीया, आन मोबाइल नसताना सांगतीया. लिही, हिचं नाव लिही तुझ्या वहीत."

आणि तिनं लिहिलं. सातवी सोडल्यापासून माझं नाव कुणी वहीत लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, सगळं एकदम तोडू नका. निम्मा माळ आता, आणि तो डोक्यावर गेला की चारेक वर्षांनी उरलेला निम्मा. तुम्ही लगेच म्हणालात, "कोपरा मी बिघडवला हां, हिचा दोष न्हाय." दुसऱ्यांदा. मी तेव्हाही गप्पच. नाव नुकतंच लिहून झालेलं होतं ना.

बाळूदादांनी पाऊस सुरू होईपर्यंत थांबायचं कबूल केलं. ते वाईट नाहीत, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्यांचंही खरं आहे, खालचं डाळिंब आणि वरचा पेरू यांच्यामध्ये ही पट्टी आडवी येते, पाइपलाइन वळवून न्यावी लागते. ते म्हणाले, "आबा, आदी कोपरा, आता निम्मं. आसं तुमीच मोकळं करत आनलंय. पावसाआदी न्हाय फुटलं तर राहिल्यालं मी करतो, एका दिवसात." तुम्ही म्हणालात, "फुटल." मग माझ्याकडे वळून हळूच, "फुटल ना गं?"

फुलं गळून पडल्यावर आपण निम्मा माळ तोडला. या वेळी तुम्ही जमिनीवर बसून करवत धरलीत, एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी. खुंट इतके खाली की वरून हात फिरवला तर माती लागावी. सांगायला मात्र तीन संध्याकाळी गेल्या. झाडं जास्त होती आणि तुमचे गुडघे थकले होते. शेवटच्या झाडाशी तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दामच लांब थांबले होते.

नंतर तुम्ही वाळलेली पानं गोळा करून साऱ्या मोकळ्या जमिनीवर पसरलीत, मुळांना ऊन लागू नये म्हणून. मी म्हटलं, "तेंदूला नाही करत असं." तुम्ही म्हणालात, "तेंदूला सांगत बी न्हाईत तुमी."

आणि कुंपणाचा तो दिवस. वेडी बाभूळ बाळूदादांच्या ट्रॅक्टरनं आली. मी फांद्या ओढायला लागले तर तुम्ही म्हणालात, "थांब." सावलीत पोतं टाकून बसलात आणि एकेक फांदी पुढं घेऊन एकेक शेंग तोडायला लागलात. काट्यांतून हात घालून. दिवस कलंडेपर्यंत. बोटं रक्ताळली. मी विचारलं, "कशाला जी?"

तुम्ही वर पाहिलं नाहीत. "शेळ्यांना लई ग्वाड लागत्यात ह्या."

तुम्हाला माहीत होतं. कधीपासून, ते मला कळलं नाही. कदाचित पहिल्याच दिवसापासून. जन्म गेला तुमचा या बाभळीत, लेंड्या आणि शेंगा पाहून तुम्हाला कळलं नसेल तरच नवल. तरी तुम्ही टपरीवर स्वतःचं हसं करून घेतलंत, त्या मुलीपुढं करून घेतलंत. मी तुमच्या शेजारी बसले आणि शेंगा तोडायला लागले. दोघांनी मिळून तीन पोती भरली. तुम्ही उसाचं बोलत होतात, पाण्याच्या पाळीचं बोलत होतात. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, फुटवे आले की सांगेन. तेव्हा माफी मागणं सोपं जाईल.

फुटवे आलेच नाहीत. महिना गेला, दीड महिना गेला. मी रोज सकाळी कुंपणाबाहेरून पाहायची. वाळलेली पानं आणि खुंट. रात्री झोप लागेना. उरलेल्या निम्म्या झाडांना पानं आली, ती सळसळायची आणि मला वाटायचं मलाच बोलताहेत. मी तुमचं वाटोळं केलं, एका तेंदूवाल्या बाईचं ऐकून तुम्ही वडिलांची झाडं मारलीत. मग तुमच्या छातीत दुखलं. माझ्या मनात काय काय आलं असेल, तुम्हीच समजून घ्या. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. माईही तेच म्हणाल्या. माझं मन ऐकत नव्हतं.

त्या दिवसापासून मी माळाकडे फिरकले नाही. माईंच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, भांडी, लागेल ते करत राहिले. पाय तिकडं वळायचेच नाहीत.

काल तेरावा झाला. जेवणं उरकली. बाळूदादा अंगणात खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. मला म्हणाले, "सोमवारी पोकलेनवाला यील. तुझं इळा-कोयतं काय ऱ्हायलं असंल माळावर तर घिऊन यी."

मी भांडी गोळा करत राहिले. नेहमीसारखी.

मग ते आपल्याशीच म्हणाले, "आबांच्या हातनं जमलं न्हाय ते. मागल्या टायमाला कोपरा बी त्यांनीच घालिवला. सोताच सांगायचे."

आबा, तेव्हा कसं बोलले माहीत नाही. भांडं हातातच होतं. "कोपरा आबांनी नाही घालवला दादा. मी घालवला."

ते खुर्ची हातात घेऊन वळले.

मी सांगितलं सगळं. शेंगा, शेळ्या, भगदाड, त्याच फांद्यांनी बुजवणं. सांगताना मी माईंकडे पाहत नव्हते, त्या ओसरीवर बसल्या होत्या.

"दोन वर्सं?" बाळूदादा म्हणाले.

"हो जी."

"दोन वर्सं आबा टपरीवर लोकांच्या टवाळ्या ऐकत ऱ्हायले. मी बी बोललो त्यांना. मी, पोटचा पोरगा." त्यांनी हातातली खुर्ची खाली आपटली. "आन तू हितं च्या पीत व्हतीस."

"हो."

मी भांडं खाली ठेवलं. म्हटलं, उद्यापासून कामाला येत नाही. खोलीचंही बघते.

ओसरीवरून माई म्हणाल्या, "बास झालं दोघांचं. सोमवार लांब हाय. उद्या सकाळच्या पारी जाऊन बघून या आदी. त्येंनी 'बघ' म्हनून सांगितलं व्हतं हिला. बघितलं का गं?"

नव्हतं बघितलं. बाहेरून पाहिलं होतं, तेही दोन आठवड्यांपूर्वी.

आज सकाळी आम्ही गेलो. बाळूदादा पुढं, मी मागं. कुंपण जसंच्या तसं होतं. एक फांदी हललेली नव्हती, एक शेळी आत गेलेली नव्हती. दादांनी फांदी बाजूला ओढली आणि आत शिरले. पाचोळ्यात पाय करकरत होते. खुंटांवर काही नव्हतं. एकेक खुंट पाहत गेलो, कोरडे. दादा मधोमध जाऊन कमरेवर हात देऊन उभे राहिले. "बघ. आता तूच बघ."

मी खाली बसले. पाचोळ्यात हात घातला. तुम्ही पसरलेली पानं वीतभर जाड झाली होती. खाली गार होतं. बोटाला काहीतरी मऊ लागलं.

"दादा, पाय उचला!"

त्यांनी दचकून उजवा पाय उचलला. चपलेच्या कडेला, मुरमातून, तीन पानांचा तांबूस शेंडा. वाकलेला, पण मोडलेला नाही. मी बाजूची पानं सारली, तिथं आणखी एक. त्याच्या पलीकडं दोन. खुंटांच्या जवळ एकही नव्हता आणि वर पाचोळा, म्हणून बाहेरून दिसत नव्हते. मुळं जिथं जिथं गेली होती तिथं सगळीकडं, पाचोळ्याच्या खाली, मान खाली घालून उभे होते. मी गुडघ्यांवर रांगत पानं सारत गेले. किती आहेत ते मी मोजले नाहीत. मागच्या वेळी मोजले होते.

बाळूदादा एका पायावर उभे होते. तुमचा एवढा धिप्पाड मुलगा, हात पसरून तोल सांभाळत. पाय टेकवायला खाली आणला, तिथं शेंडा. दुसरीकडं नेला, तिथं मी पानं सारली तर तिथंही. "अगं, मी पाय ठिवू कुठं?"

"मागं जी. आलात त्याच पावलावर."

ते तसेच मागं मागं, स्वतःच्याच पावलांवर पाय देत कुंपणापर्यंत गेले. बाहेर पडल्यावर बांधावर बसले. डोळे पुसले असतील. मी तिकडं पाहिलं नाही. मग फोन काढला आणि पोकलेनवाल्याला म्हणाले, सोमवारी नको, पुन्हा सांगतो. पुन्हा सांगतो म्हणजे नाही असं नव्हे, हे मला कळतं. मी आशा लावून बसलेली नाही. पण पेरूची पाइपलाइन यंदाही वळसा घालूनच जाणार, असं ते नंतर कुणाला तरी सांगत होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी उभ्या असलेल्या निम्म्या झाडांकडे पाहिलं. "हे कवा तोडायचं म्हनाले व्हते आबा?"

आबा, हे भांडण आपलं तसंच राहिलं. तुम्ही म्हणाला होतात, ते निम्मं तुमच्या डोळ्यांदेखत नाही. मी म्हटलं होतं, मग पुढच्या पन्नास वर्षांत पत्रावळीला पान कुठून आणणार? मला तुमच्या नावावर काहीही सांगता आलं असतं. आता कोण तपासणार होतं?

"आबा नकोच म्हणाले होते. मी म्हणते, हे फुटवे डोक्यावर गेले की. चार वर्षं."

"चार वर्सं कुंपन कोन राखनार? दरसाल नवं घालायचं, शेंगा झोडायच्या, मधली बाभूळ उपटायची." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. कालचा राग गेलेला नव्हता, आवाजात होता. जायला वेळ लागेल आणि लागावा. "मला तर ह्यातलं कळत न्हाय. तू चार वर्सं ऱ्हातीस का हितं?"

यांचं काम वर्षाच्या बोलीवर. घरी आई थकलीय, दर फोनला विचारते, कधी परत येता. परवाच आमचं बोलणं झालं होतं, पुढच्या उन्हाळ्यात गावी जाऊन काही जमतं का पाहू म्हणून. मला भीती वाटते आबा, सगळ्याचीच वाटते. तुम्ही होतात तेव्हा विचारायला तुम्ही होतात.

"राहीन," मी म्हटलं.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. फुटलंय जी. आणि कोपरा मी घालवला होता. तुम्हाला ते माहीत होतं, तरी माझ्या तोंडून ऐकायचा तुमचा हक्क होता.

यांची कंपनीतली पाळी संध्याकाळी सुटते. चार वर्षांचं त्यांना अजून सांगायचंय.